इंजिनाभोवतीचा कापूस

अब्बा गेल्यानंतर अम्मी घरात झोपेनाशी झाली. अकोल्याच्या बाहेरच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर आहे आणि समोरच्या मोकळ्या जागेत, निंबाखाली, आमची गाडी उभी असते. रात्रीचं जेवण झालं की अम्मी उशी काखेत घेऊन गाडीत जायची आणि आतून दार ओढून घ्यायची.

ही गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आम्ही पिंजारी. अब्बांनी ती घेतली तेव्हा तिच्यातल्या सीटा काढून टाकल्या, मागे कापूस पिंजायचं मशीन बसवलं, मध्ये झोपायला फळी ठोकली, खिडकीशी गॅसची शेगडी ठेवली. छतावर सोलरची पाटी लावली, म्हणजे बॅटरी भरत राहावी आणि मुक्कामाला आतला दिवा चालावा. दिवाळी झाली आणि थंडी पडू लागली की दोघं घराला कुलूप लावून गाडीत राहायला जायची. मूर्तिजापूर, दर्यापूर, मधली लहान गावं. लोकांच्या जुन्या गाद्या-रजया उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून टाके घालून द्यायचे. मी वसतिगृहात असायचो आणि सुटी लागली की ती जिथे असतील तिथे जायचो. माझ्या दहावीची उजळणी त्याच फळीवर झाली. अब्बा मशीन बंद करून सांगायचे, "त्याले वाचू द्या, आवाज नोका करू," आणि तेवढा वेळ हातानं कापूस पिंजत बसायचे.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आता नांदगाव पेठेच्या एका सूतगिरणीत धाग्याची तपासणी करतो आणि अमरावतीत खोली घेऊन राहतो. कापसातूनच शिकलो आणि कापसातच नोकरी लागली, याचं मला बरं वाटतं.

अब्बा उन्हाळ्यात गेले. दिवाळीला मी सुटी घेऊन घरी आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार घडला. उजेड नुकताच मावळत होता. मी ओट्यावर बसलो होतो. गाडीत कोणी नव्हतं. आणि गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा, थोडा थोडा.

मी उठून उभा राहिलो. आत अम्मीनं शांतपणे गॅस पेटवून चहाचं पातेलं ठेवलं.

"अम्मी, गाडीत कोन हाय?"

"कोन राहीन? तुये अब्बा."

आमच्याकडे ही रीत होती. अब्बा तयार रजया पोचवून परत येत तेव्हा वळणावरच दोनदा हॉर्न देत. तो ऐकून अम्मी चहा ठेवायची. ते गाडी लावून, हातपाय धुऊन आत येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. इतकी वर्षं असंच चाललं होतं. आता अम्मीनं कप भरला, बाहेर नेला आणि गाडीच्या पायरीवर ठेवला. थोड्या वेळानं रिकामा करून आणला. चहा निंबाच्या बुडाशी ओतलेला मला दिसला.

शेजारी भाजीचा मळा करणाऱ्या काकू राहतात. त्यांना विचारलं.

"रोजचंच हाय बाप्पा ते," त्या म्हणाल्या. "पयले आमी भेलो. मंग म्हनलं, जित्तेपनी कोनाले तरास नाही देल्ला त्या मानसानं, आता काय देईन! माया मालक तर हॉर्न वाजला की मोटारपंप बंद करते. घड्याय पाहाची गरज नाही."

मी हसलो. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी हॉर्न वाजला, आणि दोनदाच. मी शाळेत विजेचं सर्किट शिकलो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आमच्या गुरुजींनी टॉर्चच्या सेलवर बल्ब लावून ते आम्हाला हातानं करायला लावलं होतं. हॉर्न आपोआप वाजत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही तो वाजला की माझी मान आधी वळणाकडे जायची, मग गाडीकडे.

सकाळी चावी फिरवून पाहिली. इंजिनानं कुरकुरही केली नाही. इलेक्ट्रिशियनला आणलं. त्यानं खालून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "उंदरानं वायरिंग खाल्लं. गाडी दुकानावर आना, सगळं काढून नवीन टाकून देतो. आन कोनी अंदर झोपत असन तर झोपू नोका. एक ठिनगी पडली तर कापसाची गाडी हाय ही."

अम्मी गाडीच्या दारात उभी राहिली. "माया गाडीचं झाकन परका मानूस नाही उघडनार."

"अम्मी, आग लागली तर?"

"इतके दिवस लागली का?"

तो गेला. आग ही तिच्यासाठी बोलण्यातली गोष्ट होती आणि हॉर्न रोज ऐकू येत होता. मी परका नव्हतो, एवढीच एक वाट उरली होती. मी म्हणालो, मीच करतो. ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "सांभाळून. त्याईच्या हातचं हाय सारं."

बाजारातून मी वायर आणली, जुनीच्याच जाडीची. जोडावर घालायच्या प्लास्टिकच्या नळ्या, फ्यूज, टेस्ट लॅम्प आणि मीटर आणलं. बॅटरीची काळी वायर आधी काढून बाजूला बांधून ठेवली. या गाडीचं इंजिन ड्रायव्हर आणि बाजूच्या सीटच्या मध्ये, एका मोठ्या झाकणाखाली आहे. बाजूची सीट अम्मीची. मी झाकणाचे क्लिप उघडले, ते उचललं आणि तसाच थांबलो.

आत कापूस होता. झाकणाच्या आतून, पत्र्याच्या कडेनं, पाय ठेवायच्या जागेखाली, जिथे फट मिळेल तिथे अब्बांनी कापूस ठासला होता. वरून गोणपाट लावून रजईला घालतात तसे लांब टाके घातले होते.

"हे कवा केलं त्याईनं?"

अम्मी खालीच उभी होती. "इंजिन तापे न. माये पाय पोयत. म्हनून."

दुसऱ्या कोणी रबराची शीट लावली असती. आमच्या घरात उष्णता असो, गारठा असो की आवाज, सगळ्यावर इलाज कापूसच. अब्बांना यात काही चूक आहे असं मनातही आलं नसेल. उंदरांनी मात्र त्या कापसात खालून घर केलं होतं. मी गोणपाटाचे टाके उसवत गेलो तसा घरट्याचा गोळा हाताला लागला, ऊबदार आणि ताजा. आत कोणी नव्हतं, पण नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं.

त्याखाली वायरी. मोबाइलवर फोटो काढत, एकेका वायरीला चिकटपट्टीची खूण करत मी पुढे सरकलो. स्टार्टरकडे जाणारी पातळ वायर पूर्ण तुटली होती, म्हणून गाडी सुरू होत नव्हती. तापमान दाखवणारी अर्धी खाल्ली होती. आणि मध्ये मध्ये अब्बांनी पूर्वी कधी केलेले जोड. प्रत्येक जोड पीळ देऊन, वर रजईच्या पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट गुंडाळून, त्यावर टेप. दोऱ्याची शेवटची गाठ त्यांची नेहमीची, उलट्या हाताची. ते डावखुरे होते. आमच्याकडची प्रत्येक रजई मी या गाठीवरून ओळखू शकतो.

त्या जोडांवर दोऱ्याऐवजी नळी हवी होती. मी पक्कड लावून पहिली गाठ कापली. अम्मीनं तोंड फिरवलं नाही. पुढची कापली तेव्हा ती म्हणाली, "हे दर्यापूरच्या रस्त्यावरचं. पाऊस होता. दाताखाली टॉर्च धरून केलं त्याईनं." त्यानंतर मी प्रत्येक जोड कापण्याआधी थांबायचो आणि ती सांगायची. काहींचं तिला आठवलं नाही. तेव्हा ती नुसती म्हणायची, "काप."

अगदी खाली, बॅटरीकडून स्टार्टरला जाणारी जाड वायर होती. तिच्यात वीज सतत असते, चावी असो वा नसो. तिचं वरचं आवरण बोटभर कुरतडलेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. शेजारचा कापूस तपकिरी झाला होता. जळका वास अजून होता. तो कापूस मी तळहातावर घेतला आणि झाकणाच्या पलीकडे पाहिलं. अम्मीची झोपायची फळी तिथून हातभर अंतरावर होती.

मी तो तपकिरी कापूस तिच्या हातात दिला. तिनं बोटांत चुरला, हुंगला. ओढणीच्या टोकात बांधून ठेवला.

हॉर्नची वायर शेवटी सापडली. या गाडीच्या हॉर्नला वीज कायम असते. बटण दाबलं की एक पातळ वायर गाडीच्या लोखंडाला टेकते आणि हॉर्न वाजतो. तीच वायर घरट्याच्या तोंडाशी सोललेली होती. उंदीर बाहेर पडताना तिच्यावर पाय देणार, ती इंजिनाला टेकणार, हॉर्न वाजणार. उंदीर दिवस मावळताना बाहेर निघतात. सगळं जुळत होतं. मला कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी त्या वायरीकडे पाहत राहिलो आणि मला घरात अब्बांचं जाणं दुसऱ्यांदा सांगायचं आहे असं वाटलं.

तिला सांगितलं. वायर दाखवली, हातानं टेकवून समजावलं. बॅटरी सुटी असल्यामुळे आवाज आला नाही.

"मंग उंदीर होता म्हन."

"हो, अम्मी."

"बरं."

मी वायर बदलली. जाड वायरीला नवीन आवरण आणि वरून नळी, बाकीच्यांना फ्यूज. सगळा कापूस बाहेर काढला. तो टाकून द्यायला अम्मी तयार नव्हती. आमच्यात कापूस टाकत नाहीत. तिनं निंबाखाली चादर पसरून तो उन्हात घातला. बॅटरी जोडली, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मळ्यातून काकूंचा आवाज आला, "आता टूर काढता का मायलेक?"

संध्याकाळ झाली. अम्मी पातेल्यात पाणी घेऊन शेगडीजवळ बसली. मी ओट्यावर. उजेड गेला, मळ्यातला मोटारपंप चालूच होता. काकूंचे यजमान बांधावर येऊन आमच्या गाडीकडे पाहत उभे राहिले आणि मग स्वतःच जाऊन पंप बंद केला.

मला वाटलं, उठावं, गाडीत जावं आणि बटण दाबावं. दोनदा. कोणाचं काय जाणार होतं? मी उठलोही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. आत जळक्या कापसाचा वास होता. बटणावर अंगठा ठेवला आणि तो तसाच काढून घेतला. ते माझं काम नव्हतं.

परत आलो तेव्हा गॅस पेटलेला होता. अम्मीनं आपण होऊन चहा ठेवला होता. दोन कप. एक मला दिला.

"एक सांग बरं," ती म्हणाली. "तू शिकेल सवरेल हाय. उंदीर हाय त याच वेळेले काहून?"

"ते याच वेळी निघतात, अम्मी."

"बरं. निघते. पन दोनदाच काहून? येक डाव नाही, तीन डाव नाही."

मी विचार केला. पुढचा पाय, मागचा पाय, असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग कप तोंडाला लावला.

त्या रात्रीही ती गाडीतच झोपली. मी अडवलं नाही. आता तिथे झोपायला भीती नव्हती. मीच घरात पडून कानोसा घेत राहिलो.

सुटी संपत आली होती. यंदाचा फेरा तिला करायचाच होता. मूर्तिजापूरला आमचे एक नात्यातले पिंजारी तिच्यासोबत गाडी आणि मशीन चालवायला तयार झाले. तिथपर्यंत गाडी मी नेणार, पुढे अमरावतीला बसनं जाणार, असं ठरलं. सकाळी निघालो. वळण आलं तसा माझा हात हॉर्नकडे गेला आणि तिनं तो पाहिला. मी वाजवला नाही. आम्ही येत नव्हतो, जात होतो.

हायवेवर गाडी चांगली चालली. सगळे दिवे, सगळे काटे बरोबर. थोड्या वेळानं अम्मी पाय वर घेऊन बसली. मग खाली ठेवले, पुन्हा वर घेतले.

"काय झालं?"

"पाय पोयते."

मी झाकणावर हात ठेवून पाहिला. पत्रा तापला होता. तिनं मागून घडी केलेली गोधडी ओढून पायाखाली घेतली. पण धग कडेनं येत होती, मलाही लागत होती.

"मूर्तिजापूरले लावून दे न कापूस," ती म्हणाली. "आनला हाय मी. मांगं पोत्यात हाय तो."

"अम्मी, कापूस नाही लावायचा. रबर लावू. कापसात उंदीर येतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोर रस्त्याकडे पाहत होती, पाय गोधडीवर जुळवून.

"येऊ दे," ती म्हणाली.