तुरटीचं पाणी

परवा पुतणीला कंपूतल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ते कर्करोगाला अडवणारं इंजेक्शन टोचून आणलं. चौदा वर्षांची आहे. परत येताना स्कूटरवर मागून विचारते, "काकू, आईला पण हे लगवलं असतं तो वो बच जाती ना?" आमच्या ग्वाल्हेरच्या मुलांची मराठी अशीच, अर्ध्या वाटेत हिंदीला लागते. मी म्हटलं, "तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं गं." ते खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही, आणि उरलेलं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली, त्याला या वर्षी तीन वर्षं होतील.

आमचं घराणं मूळचं पुजाऱ्यांचं. दख्खनेतून आले ते ग्वाल्हेर दरबारातल्या देवीची पूजा करायला. आता कोणी बँकेत, कोणी सिटी सेंटरला कचेरीत, मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या घरात आम्ही दोघी जावा वर-खाली राहायचो. पूजेचं बाकी सगळं गेलं, तरी नवरात्रातला नैवेद्य अजून घरच्या सुनांनी सोवळ्यात करायचा असतो. न्हायचं, कोणी न शिवलेलं वस्त्र नेसायचं, एवढं पुष्कळ घरांत असेल. आमच्याकडे एक पायरी जास्त होती. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात सासूबाई मला न्हाणीघरात घेऊन गेल्या, तुरटी विरघळवलेलं कोमट पाणी आणि औषधाच्या दुकानात मिळते ती रबरी पिचकारी हातात दिली आणि म्हणाल्या, "आपल्या घरात बाईने आतूनही धुवून मगच सोवळं नेसायचं. अंगावरून पांढरं जाणारीच्या हातचं देवीला चालत नाही."

मला हे विचित्र वाटलं नाही. उलट अभिमान वाटला, हे कबूल करते. मला पहिल्यापासून स्वच्छतेचं वेड. आमचे हे म्हणायचे, हिला सोडली तर ही साबणसुद्धा धुवून ठेवेल. इतर घरांतल्या बायका नुसत्या वरवरच्या, आपण आतबाहेर स्वच्छ, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं आणि बसून राहिलं.

धाकटी जाऊ वाईची. लग्न होऊन आली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि आमच्या मराठीवर पोट धरून हसायची. मी म्हटलं, "अगं, दूध उकळून राहिलंय," की ती म्हणायची, "वहिनी, दूध उकळतंय. राहायला कुठे आलंय ते?" सासूबाईंना तो उद्धटपणा वाटे. मला मात्र घरात खिडकी उघडल्यासारखं झालं होतं. मला बहीण नाही, म्हणून असेल.

तिच्या पहिल्या नवरात्रापर्यंत सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यामुळे सुनेला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. न्हाणीघराच्या दाराशी ती संकोचून म्हणाली, "वहिनी, मला थोडं पांढरं नेहमीच जातं. आमच्या तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ते सगळ्यांनाच असतं, त्याला हात लावू नका."

"वाईला चालत असेल," मी म्हटलं. "इथे देवी आहे."

ती हसली नाही. तिने पिचकारी घेतली. आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. सासूबाईंनी मला नऊ दिवसांचं सांगितलं होतं. मी तिला रोजचं सांगितलं. म्हटलं, नऊ दिवसांत काय जाणार, रोज करत जा म्हणजे मुळातूनच बंद होईल. ते माझ्या डोक्यातून निघालं होतं, सासूबाईंच्या नाही. मी वयाने मोठी, त्यातून विज्ञान शिकवणारी. तिने ऐकलं.

पांढरं जाणं बंद झालं नाही. वर्षभरात त्याला वास यायला लागला, जो आधी नव्हता. मग तुरटी वाढवली. खाज सुटली, आग व्हायला लागली, मग पाणी आणखी गरम. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. दिवस गेले तेव्हा ती माहेरी जाऊन राहिली आणि बाळाला घेऊन परतली ती अशी तकाकी आलेली, की गल्लीतल्या बायका वळून बघत. परतल्यावर मी आठवण केली आणि पिचकारी पुन्हा सुरू झाली. या सगळ्या काळात मी दरवर्षी नववीच्या मुलींना फळ्यावर लिहून देत होते की सगळे जिवाणू वाईट नसतात, दह्यातला लॅक्टोबॅसिलस आपला मित्र असतो. तोंडपाठ होतं मला.

पुढे कितीतरी वर्षांनी, एकदा कपडे वाळत घालताना तिने खाली मान घालून सांगितलं की नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जातं. मी म्हटलं, उष्णता झाली असेल, सब्जा घे. तिने सब्जा घेतला, गुलकंद घेतला, सात-आठ महिने त्यात गेले. एकदा वर्गासमोर उभी असल्यासारखी मी विचार केला असता तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं असतं.

कंपूत नेलं तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा तपासणीला पाठवला आणि विचारलं, "अंदर से किसी चीज़ से धोती थीं क्या?" जाऊ बोलायच्या आधी मीच उत्तर दिलं, "जी, फिटकरी के पानी से. रोज़." माझ्या आवाजात कौतुक होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी दिरांना आणि मला आत बोलावलं. हा रोग एका विषाणूने होतो, एचपीव्ही नावाच्या, आणि तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, असं सरळ सांगितलं. कधी आला, कोणाकडून, ते आता कळणार नाही, वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, म्हणाल्या. दीर एका औषध कंपनीत फिरतीवर असत, झाशी, भोपाळ, इंदूर. ते आपल्या बुटांकडे बघत होते. पुढची तारीख कधीची, एवढंच त्यांनी विचारलं आणि बाहेर गेले. मीही कधी काही विचारलं नाही.

मी मागे थांबले. "वो धोने का क्यों पूछा था आपने?"

"वहाँ अपने बैक्टीरिया रहते हैं, मैडम. दही वाले ही समझिए," त्या म्हणाल्या. "वही खटास बनाए रखते हैं, वही पहरा देते हैं. रोज़ धोएँगे तो वो बह जाएँगे. फिर वायरस आया तो टिक जाता है."

"तो इसी से हुआ?"

"हुआ वायरस से. धोने से कितना फ़र्क पड़ा, ये मैं क्या, कोई नहीं बता सकता."

कोणीच सांगू शकत नाही. या वाक्याचा आधार मी किती दिवस धरला आणि किती रात्री त्याच वाक्याने मला झोपू दिलं नाही, ते माझं मला माहीत. घरी येऊन पिचकारी कचऱ्यात टाकली. जावेला फक्त म्हटलं, आता धुऊ नकोस, डॉक्टर नाही म्हणाल्यात. का, ते सांगितलं नाही. नातेवाइकांत आम्ही 'पोटात गाठ' म्हणून सांगितलं. तरी कुजबुज व्हायची ती झालीच. एक चुलतसासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या, बाईच अस्वच्छ असेल, त्याशिवाय तिथे असलं काही होत नाही. मी त्यांना चहा दिला.

सेकाई झाली, म्हणजे ते किरणांचे उपचार, औषधं झाली, मधे सहा महिने बरी होती. मग पाठीत दुखायला लागलं आणि पुन्हा उतरण सुरू झाली. शेवटी डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं. शाळा सुटली की मी तिच्यापाशी बसायचे. एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मुलगी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती, दीरही तिथेच होते.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही सांगितलंत तसं मी रोज करायचे. खरंच रोज, तापातसुद्धा. फक्त बाळंतपणाला वाईला गेले तेव्हा पाच महिने राहिलं. आईने करू दिलं नाही. तेव्हाच आत काही राहून गेलं असेल का हो?"

मला सगळं माहीत होतं. ते पाच महिने तर तिचे सगळ्यांत निरोगी दिवस होते. तिची आई बरोबर होती, वाईच्या डॉक्टरीणबाई बरोबर होत्या, ती स्वतः बरोबर होती. एवढं सांगितलं असतं तर ती हलकी होऊन गेली असती. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं आणि माझं. ती माझ्याकडे डोळे लावून होती. इतकी वर्षं मी म्हणेन ते तिला खरं वाटत आलं होतं.

"असेल," मी म्हटलं.

तिने मान हलवली, बरेच दिवस अडलेलं उत्तर मिळावं तशी. हात जोडायला गेली, पण सलाईनमुळे एकच उचलला. "माझ्या आळसापायी तुम्हा सगळ्यांना किती त्रास झाला. मला माफ करा, वहिनी."

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "केलं गं."