रिकाम्या मुठीतला शंकू

इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पेपर चालू होता आणि मी सुपरव्हिजनला होतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी पेन्सिल खाली ठेवून, डावा हात हवेत धरून बसली होती. अर्धी मिटलेली मूठ ती हळूहळू वळवायची आणि मान कलती करून तिच्याकडे बघायची.

मला हसू आलं. वर्षभर मी या मुलांना पडद्यावर शंकू दाखवला होता. माउस जरा हलवला की तो आडवा व्हायचा, तिरका कापला जायचा, मागची बाजू पुढे यायची. मी शिकत होतो तेव्हा आमच्या सरांकडे नुसता खडू होता. "कल्पना करा," ते म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो आणि रेघा पाठ करायचो. त्यामुळे पडदा आला तेव्हा मला बरंच वाटलं. थोडी धास्तीही वाटली, की सगळं आयतं दिसायला लागल्यावर ही मुलं मनाने काही बघतील का?

माझ्या जोडीला असलेल्या केमिस्ट्रीच्या मॅडमना मात्र वेगळाच संशय आला. त्या तडक बाकापाशी गेल्या. "खुणा कुणाला करतेयस? पेपर काढून घेऊ?"

मुलगी घाबरली, पण हात तिने खाली घेतला नाही. "नाही मॅडम, शंकू फिरवून बघतेय. मागून कसा कापलाय ते दिसत नव्हतं."

मॅडम त्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिल्या. मग हळूच वाकल्या आणि मुठीच्या मागच्या बाजूने डोकावल्या.