गंगापूर रोडवरच्या दोन खोल्या

कळवणहून एसटी वेळेवर सुटली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चांदवडच्या अलीकडे तिने ती चूक सुधारली आणि पंक्चर होऊन निवांत उभी राहिली.

निघालो होतो नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका घरातलं ज्यूंचं संग्रहालय पाहायला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ज्यूंचा संहार दीड ओळीत उरकला, कारण तो परीक्षेला येत नसे. कुतूहल जागं झालं ते निवृत्तीनंतर. पेन्शन सुरू झाल्यावर माणूस फार जिज्ञासू होतो.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो तर एक रिक्षावाला धावतच आला. "सर! वळखलं का? सुरेश! तुमच्या छडीनं हात असा सुजला व्हता का, आईनी आठवडाभर हळद लावली. लय भारी दिवस व्हते!"

मी त्याची पाठ थोपटली. दुसरं काय करणार?

संग्रहालय म्हणजे लेआबाईंच्या घरातल्या दोन खोल्या. त्या निवृत्त नर्स, मूळच्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू. दाराच्या चौकटीवर मेझुझा (आत प्रार्थना ठेवलेली डबी). पहिल्या खोलीत लाकडी घाणा. "आम्ही शनवारतेली," त्या म्हणाल्या (शनिवारी घाणा बंद ठेवणारे). सुरेशही रिक्षा लावून आत आला होता.

दुसऱ्या खोलीत नुसते फोटो.

"या आमच्या डॉक्टरीणबाई. जर्मनीतून जीव वाचवून इथे आल्या, दवाखाना काढला. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. हे त्यांचे आईवडील. ही धाकटी बहीण. ते तिकडेच राहिले. छावणीत मारले सगळ्यांना."

सुरेशला ते ऐकवेना. "बाई, आमचे सर बी साधेसुधे नाय," तो अभिमानाने म्हणाला. "अख्खा तालुका यांना हिटलर सर म्हनतो!"

लेआबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला चालायचं?"

पोरं काहीही म्हणतात, हे उत्तर तयार होतं. पण समोर ती धाकटी बहीण होती, वेणीत रिबीन बांधलेली.

"आवडायचं," मी म्हणालो. "निरोपसमारंभात माइकवरून सांगितलं होतं, हाच माझा आदर्श शिक्षक पुरस्कार."

"मग पोरांना दोष नको देऊ या." त्यांनी मलिद्याची (गूळखोबरं घातलेले पोहे) बशी पुढे केली. "खा. डॉक्टरीणबाई कोणालाच उपाशी पाठवत नसत. कोणालाच."

प्रवासवर्णनात चव सांगायची असते. मला ती आठवत नाही.

परतताना सुरेश हिरमुसला होता. "माझं काय चुकलं का, सर?"

"तुझं नाही."

"रविवारी आपला माजी विद्यार्थी मेळावा हाय. फ्लेक्स बी लागलाय, 'आमचे लाडके हिटलर सर'."

"उतरवा तो."

"आवो, पोरांनी प्रेमानं..."

"माराला तुम्ही प्रेम म्हणता, हेसुद्धा मीच शिकवलं. उतरवा."

"मग नव्यावर काय लिहायचं?"

"माझं नाव."

सिग्नलला रिक्षा थांबली. सुरेशने आरशातून माझ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "राग मानू नका, सर. तुमचं नाव काय हो?"

जन्मभर दरारा कमावला तो असा. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले. मी ओरडून नाव सांगितलं.

"काय?" सुरेश म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.