नासाडीच्या रकान्यातली साल

मोरी-सान, म्हणजे मालूताईंचे जपानी यजमान, माझ्याशी नेहमी जपानीत बोलत. त्या सकाळी फोनवर मात्र मराठीत बोलले. "मालू गेली," एवढंच. मालूताई लग्न होऊन जपानात आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. मुलं मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तरं देत मोठी झाली. त्यामुळे घरातलं मराठी म्हणजे मालूताईंचं मराठी, आणि ऐकून ऐकून मोरी-सानना आलेलं थोडंसं. ही बातमी दुसऱ्या भाषेत सांगणं त्यांना जमलं नसावं.

नव्वद सालानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी जपानात, त्सुकुबाला आले. पुण्यात घेतलेली संख्याशास्त्राची पदवी पेटीत होती आणि मी घर सांभाळत होते. इथल्या मराठी घरांच्या दिवाळीला मालूताई भेटल्या. त्यांनी मला मुलंबाळं विचारली नाहीत, विचारलं ते वेगळंच. "सुनंदा, तुला बेरजा आवडतात की नुसत्या जमतात?" दोन्ही, असं मी म्हणाले. लवकरच त्यांच्या संशोधन संस्थेत, त्यांच्या शेजारच्या टेबलावर, माझी आरुबाइतो म्हणजे अर्धवेळची नोकरी सुरू झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात माणसांच्या वाट्याला किती अन्न येतं, आणि ते वर्षागणिक कसं वाढतं-घटतं, हा त्यांचा विषय. रीत सोपी आहे. पिकलं किती आणि बाहेरून आलं किती, त्यातून बाहेर गेलेलं, बियाण्याला ठेवलेलं, जनावरांनी खाल्लेलं आणि नासलेलं वजा करायचं. उरेल ते माणसांत वाटायचं. सोपी रीत फसवी असते, हे मात्र त्या पहिल्या दिवसापासून सांगत.

तिथलं मुख्य अन्न कसावा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका चतुर्थीला मी डब्यात खिचडी नेली तर त्या म्हणाल्या, "बघ, त्यांचं रोजचं पोटभर जेवण आणि तुझा उपवास!" पुढे प्रत्येक चतुर्थीला मी जेवले की नाही हे त्या मुद्दाम विचारत आणि स्वतःच हसत. खिचडीतला अर्धा वाटा मात्र उपवास नसतानाही त्यांचा असे. दुष्काळाच्या वर्षांत घानातल्या घरांना या कंदानं तगवलं, असं त्या सांगत. इतर पिकं वाळून जातात, हा जमिनीत टिकून राहतो, लागेल तसा उकरून काढायचा. तिथल्या एका घरात त्या काही आठवडे राहून आल्या होत्या. घरातली बाई अंगणात बसून कसावा सोलायची आणि मालूताई शेजारी बसून सालीचं वजन करायच्या. साल एवढी निघते, म्हणजे एवढा माल खाण्यात येत नाही, हे त्यांनी लिहिलं. त्यांच्या त्या मोजणीवरून आमच्या तक्त्यात कसाव्याच्या नासाडीचा रकाना भरला जाई.

शेवटच्या वर्षी त्यांचं दुखणं कळलं होतं, पण त्या घरी हिंडत-फिरत होत्या. एका दुपारी मी त्यांच्या ओट्याशी सातोइमो सोलत होते. सातोइमो म्हणजे जवळजवळ आपल्या अळकुड्या. साली जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. इथे कचरा वेगळा करायची सवय अंगात मुरलेली असते, हात आपोआप त्या पिशवीकडे जातो. मालूताई त्या पिशवीकडे बघत उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "त्या बाईच्या अंगणात कचऱ्याचं भांडंच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. साली शेळ्यांपुढे जात होत्या. शेळ्यांच्या खाण्याचा रकाना आमच्या तक्त्यात वेगळा होताच, आणि त्यात ही साल धरलेली होती. म्हणजे तीच साल एकदा शेळ्यांनी खाल्ली म्हणून वजा, आणि पुन्हा नासली म्हणून वजा. वर्षानुवर्षं तिथल्या माणसांच्या ताटातलं थोडं अन्न आम्ही कागदावर कमी करत आलो होतो.

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं. भले गृहस्थ. फरक लहान आहे, तक्त्यांचा नवा खंड छपाईला जायचा आहे, मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे आता बदलले तर वाचणाऱ्यांचा बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडेल, पुढच्या वर्षी शांतपणे करू, असं त्यांचं म्हणणं. पुढचं वर्ष मालूताईंना नव्हतं. हे प्रमुखांनाही ठाऊक होतं, पण त्या खोलीत ते कोण बोलणार? आम्ही दोघींनी सगळी वर्षं पुन्हा मांडायला घेतली. आधी त्यांच्या घरी, नंतर इस्पितळात. त्या डोळे मिटून आकडे ऐकत आणि मधेच म्हणत, "थांब, मागचं परत वाच."

प्रमुख फळांची टोपली घेऊन त्यांना भेटायला आले, तेव्हा मी तिथेच होते. दोन्हीकडून वाकून नमस्कार झाले, हवापाण्याचं बोलणं झालं. मग मालूताई सावकाश जपानीत बोलल्या. ते मला मराठीतच आठवतं. "त्या बाईनं काहीसुद्धा वाया घालवलं नव्हतं. मी तिच्या नावावर नासाडी लिहिली. ती पुसून मला जायचंय."

प्रमुखांनी खिशातून पेन काढलं आणि कोणकोणती पानं बदलावी लागतील, एवढंच विचारलं. मालूताईंनी माझ्याकडे बोट केलं. सुधारलेल्या तक्त्याचा छापून आलेला कच्चा कागद त्यांनी पाहिला. खंड बांधून आला, तो त्या गेल्यानंतर.

तो घेऊन मी मोरी-सानकडे गेले. अशा तक्त्यांवर कुणाचं नाव नसतं. आकडे बदलल्याची बारीक टीप तेवढी खाली आहे. मोरी-साननी सगळी पानं चाळली आणि तिचं काम यात कुठे आहे, असं विचारलं. मी कसाव्याच्या ओळीवर, माणसांच्या वाट्याच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"वाढला?" त्यांनी मराठीत विचारलं.

"थोडासा."

त्यांनी त्या आकड्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग पुस्तक उघडंच धरून ते आतल्या खोलीत गेले. तिथे मालूताईंचा फोटो आहे, पुढे रोज सकाळी ताज्या भाताची वाटी ठेवतात. वाटी जराशी बाजूला सरकवून त्यांनी पुस्तक मांडलं. ते मिटायला लागलं, तेव्हा पानावर मालूताईंच्या चष्म्याची डबी ठेवली.

मागच्या रविवारी मी पुन्हा गेले होते. भात ताजा होता, आणि पुस्तक अजून त्याच पानावर उघडं होतं.