पोटावरची पिशवी

नांदेडच्या रुग्णालयात चाकूरचे एक गृहस्थ तपासणीसाठी आले होते. त्यांचे नाव मी विचारले नाही. ते क्षणभरही स्वस्थ बसत नव्हते. उठत, सदऱ्यावरून पोटाची उजवी बाजू चाचपत आणि पुन्हा बसत.

स्वस्थ मीही नव्हतो. कर्करोगामुळे माझे मूत्राशय काढावे लागणार होते. ते इथे पोट उघडून काढायचे, की हैदराबादला रोबोटच्या साहाय्याने, हे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचे होते. शेजारी बसलेल्या पत्नीला मी समजावत होतो, की रोबोट स्वतः कापत नाही, डॉक्टरच त्याचे हात चालवतात. त्यात छेद लहान असतात, रक्त कमी जाते. रोग बरा होण्याची शक्यता मात्र दोन्हींत जवळपास सारखीच. ती भिंतीकडे पाहत होती.

"गुरुजी, माझं पोट उघडूनच केलं," ते गृहस्थ मध्येच म्हणाले. "चीर कवाच भरली. पोटावर लावलेली ही लघवीची पिशवी मातर जल्माची हाय, कसंबी करा. ती बदलणाऱ्या माणसाला इचारलं का?"

मी विचारले नव्हते.

पत्नी वळली. "भाऊ, मला दाखवता का?"

त्यांनी संकोचत सदरा वर केला. "माझी बायको तर पहिल्या दिवशी पळालीच होती," ते हसले. "आता बोलत बोलत बदलती."

पत्नीने चष्मा लावला, वाकून पाहिले, पिशवीची चिकटलेली कड कशी सोडवायची ते दोनदा विचारून घेतले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "इथंच करू या. हैदराबादला हे मला मराठीत कोण शिकवणार?"