भाऊंच्या पद्मिनीचा पत्रा

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला काढली की गंजाबरोबर किस्सेही निघायला लागतात. गंज घासून टाकता येतो, किस्से साठत जातात. आता तर लग्नात, बारशात कोणी भेटलं की "काय म्हणते गाडी?" एवढंच विचारतो आणि मी सुरू होतो. बायको म्हणते, "त्यांना जेवू तरी दे." म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

गाडी माझ्या काकांची. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. राहायला काल्हेरला. आजूबाजूच्या भातशेतीची गोडाऊनं झाली, पण भाऊंच्या घरामागची पत्र्याची शेड तशीच राहिली आणि त्या शेडमध्ये त्यांची पद्मिनी. इंजिन ठणठणीत, बॉडीची मात्र चाळणी झालेली. भाऊंचा मुलगा नितीन त्या जागेवर नवीन गोडाऊन बांधणार होता. तो म्हणाला, "बाबा, दिवाळीनंतर शेड पाडायची. भंगारवाल्याला सांगून ठेवतो."

भाऊ म्हणाले, "तवर ती आपल्या चाकांवर बाहेर निघाली तर?"

"निघाली तर ठेवू."

भाऊंनी त्याच संध्याकाळी सलीमभाईंना फोन लावला. सलीमभाई नारपोलीचे, जन्मभर कापड विणायचे लूम दुरुस्त केलेले, आता हातात रिकामा वेळ. भाऊंचे जुने दोस्त. मी नारपोलीच्याच शाळेत शिकवतो, म्हणून दर रविवारी त्यांना स्कूटरवर घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं. आम्हा तिघांपैकी गाडीची बॉडी कोणीच कधी केली नव्हती. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि हातोडा उचलायचा, असा सगळा कारभार.

* * *

पहिल्या रविवारी सलीमभाईंनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं. व्हिडिओत दाखवलं होतं, खरा पत्रा असेल तिथं चुंबक चिकटतं आणि आधी कोणी पुट्टी भरून ठेवली असेल तिथून ते पडतं.

सलीमभाईंनी ते दरवाज्याच्या खालच्या बाजूला लावलं. पडलं. मडगार्डला लावलं, तिथूनही पडलं. डिकीला लावलं, तर सरकत सरकत खाली आलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "मधे एकदा रंगवली व्हती. रंगाऱ्यानं थोडी पुट्टी लावली असंल."

सलीमभाईंनी बोटानं टकटक केलं. जरा वेळ कान लावून ऐकलं.

"भाऊ, ये गाडी नहीं है. दीवार है."

* * *

काकी सुरुवातीला लांबूनच बघायची. मग एकदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बघू तरी कशी काय झालीय," आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. कर्र असा आवाज आला. काकीचा उजवा पाय गाडीची जमीन फोडून खालच्या मातीला टेकला.

आम्ही तिघं धावलो. पत्र्यानं पाय कापला तर काय, या भीतीनं भाऊंचा चेहरा उतरला होता. काकीनं चप्पल घातलेली, म्हणून खरचटलंसुद्धा नाही. तिनं पाय तसाच ठेवला, मातीवर जरा पुढेमागे केला.

"अवो," ती भाऊंना म्हणाली, "ब्रेक नसला तरी चालंल. मी हाय."

* * *

जमीन बदलायची तर चांगला जाड पत्रा हवा. काकीची लग्नातली ट्रंक माळ्यावर पडून होती. तिच्या माहेरी, अंबाडीजवळच्या गावात, रंगाऱ्याकडून झाकणावर नाव घालून घेतलेलं, "सौ. शेवंती", दोन्ही बाजूंना गुलाबाची फुलं. खालचा पत्रा सडला होता, झाकण मात्र नव्यासारखं.

भाऊंनी झाकण सीटच्या खालच्या भोकावर ठेवून बघितलं. बरोब्बर बसत होतं.

काकी म्हणाली, "म्हंजे आता येणारा जाणारा माझ्या नावावर पाय ठेवंल?"

भाऊ म्हणाले, "उलटं लावू. नाव खाली."

"मंग रस्त्यावरचा चिखल उडंल."

सलीमभाईंनी डिकी सुचवली. काकी म्हणाली, "तिथं हे कांद्याच्या गोणी टाकतात."

शेवटी जमिनीसाठी बाजारातून पत्रा आणला. सलीमभाईंनी झाकण कापलं, कडांचा रंग तेवढा खरवडला, मधलं नाव तसंच ठेवलं आणि पुढच्या डाव्या मडगार्डच्या आतून तो तुकडा बसवला. तिथं कोणाचा पाय पडत नाही, कोणाला दिसतही नाही. वेल्डिंग झाल्यावर काकी वाकून चाकाच्या वर बघून आली.

"चालंल," म्हणाली. "चाक तरी वाचील."

आणि चिखलाचं काय, ते तिनं परत काढलं नाही.

* * *

वेल्डिंगचा एक मोठा घोटाळा होता. मशीन चालू झालं की शेजारच्या मंदाआत्यांचा टीव्ही मान टाकायचा. आत्या एकट्या राहतात आणि रविवारी दुपारी त्यांच्या मालिकेचे आठवड्याचे सगळे भाग एका दमात लागतात. पहिल्यांदा त्या कमरेवर हात ठेवून आल्या. भाऊंनी हात जोडले. आत्या थोडा विचार करून परत गेल्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी कुंपणावरून त्यांचा आवाज आला, "जाहिराती लागल्या. करा."

तेव्हापासून ती पद्धतच पडली. जाहिराती लागल्या की वेल्डिंग, मालिका सुरू झाली की घासकाम. मधल्या वेळात सलीमभाई चष्मा कपाळावर चढवून कुंपणाशी जाऊन उभे राहायचे. का, ते आम्हाला कळत नव्हतं.

एकदा जाहिराती लागल्या तरी ते तिथून हलेनात. मी हाक मारली तर हातानं थांबा म्हणाले आणि कुंपणापलीकडे विचारलं, "आपा, फिर उस लड़की ने सास को बताया क्या?"

* * *

रमजान आला तसं भाऊंनी जाहीर केलं, "उपाशी माणसानं घण मारायचा न्हाय." सलीमभाई म्हणाले, आयुष्यभर रोजे ठेवून लूमच्या शिफ्टा केल्यात, हे काय अवघड आहे. भाऊंनी ऐकलं नाही. सलीमभाईंना पंख्याखाली खुर्ची दिली, हातात पॉलिश पेपर दिला आणि छोटे छोटे भाग घासायला दिले. स्वतः भाऊही त्या दिवसांत पाणी प्यायला घरात जायचे आणि तोंड पुसून बाहेर यायचे.

ठोकायचं काम अर्थातच भाऊंनी आणि मी केलं. मागचा मडगार्ड गोल करायचा होता. आम्ही आतून ठोकत होतो, बाहेरून ठोकत होतो. सलीमभाई खुर्चीतून बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

ईदनंतरच्या रविवारी ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. डबा काकीच्या हातात दिला आणि सरळ मडगार्डपाशी गेले. तळवा फिरवला. वर, खाली, परत वर.

"रोज़ा मेरा था," म्हणाले. "सज़ा इसको क्यों दी?"

* * *

त्याच बाजूला, डिकीच्या कोपऱ्यावर एक जुना डेंट होता. खोलगट, वाटीएवढा. सलीमभाई काढायला लागले तर भाऊंनी हात धरला.

"तो ऱ्हाऊ दे."

तो डेंट वनिताचा, भाऊंच्या मुलीचा. गाडी शिकत असताना तिनं रिव्हर्समध्ये आंब्यावर घातली होती. आता ती मस्कतला असते. नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, येणं पुढे पुढे जात राहतं. त्या दिवशी नेमका तिचा व्हिडिओ कॉल आला. भाऊंनी मोबाईल गाडीभोवती फिरवून सगळं दाखवलं. डेंट दिसला तशी ती हसली.

"बाबा, सगळी गाडी नवी केलीत, तेवढाच कशाला ठेवलात? काढा ना."

"तू ये," भाऊ म्हणाले. "तू आलीस की तुझ्यासमोर काढू."

 मग वनिता म्हणाली, "बरं. तोवर राहू दे."

* * *

एकदा समोरच्या गोडाऊनच्या ऑफिसात काम करणारी एक बाई शेडच्या दारात येऊन थांबली. गळ्यात ओळखपत्र, हातात जेवणाचा डबा. "ही भाऊंचीच गाडी ना?" तिनं विचारलं. "मी प्रतिभा. माझा जन्म या गाडीत झालाय."

भाऊंना आठवायला वेळ लागला नाही. गावात गाडी तेव्हा ही एकच. अडलेली बाई असली की रात्र बघायची नाही, दिवस बघायचा नाही, भाऊंनी किल्ली उचलायची. प्रतिभाच्या आईला ते ठाण्याच्या इस्पितळात नेत होते आणि कशेळीच्या पुलाच्या अलीकडे ट्रक आडवा झाल्यानं सगळं अडकलं. सोबत गावची सुईण होती, म्हणून निभावलं. भाऊ गाडीबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे होते, आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा ते रस्त्यातच खाली बसले.

"जरा आत बसू का?" प्रतिभानं विचारलं.

मागची सीट काढलेली होती. सलीमभाईंनी एक लाकडी पाट आत ठेवला, त्यावर स्वच्छ फडकं अंथरलं. ती बसली. पत्र्यावरून हात फिरवला. मग आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, ओळख मी कुठे बसलेय."

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला असावा. आधी नुसतं कपाळ दिसलं. मग तिला भाऊ दिसले, मागची काच दिसली. प्रतिभाचे डोळे भरून आले. आमचंही तसंच काहीतरी झालं होतं.

मग फोनमधून आवाज आला, "बाई गं, अजून ठाण्याला पोचली न्हाईस का?"

* * *

दिवाळीच्या आधी गाडी निघाली. मऊ दुधी रंग, एक डेंट सोडला तर गुळगुळीत. नितीन फाटक उघडायला आला होता. भाऊंनी गाडी शेडमधून बाहेर काढली, अंगणात वळवली आणि रस्त्याला लावली. नितीन तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. लहानपणी तो याच गाडीतून शाळेत जायचा. खाली बघत म्हणाला, "बाबा, नव्या गोडाऊनात हिला एक कोपरा ठेवू."

"कोपरा नको," भाऊ म्हणाले. "दाराशी ठेव. कोणाला न्यायचं झालं तर निघायला बरं."

* * *

आता हा शेवटचा. घडला मधेच, पण मी तो नेहमी शेवटीच सांगतो.

आमची आजी, म्हणजे भाऊंची आई, हिच्या मोत्यांच्या बुगड्या होत्या. अंबाडीच्या एका लग्नाहून सगळे गाडीतून परत येत होते. भाऊ चालवत होते. मागे डाव्या खिडकीशी आजी, उजव्या खिडकीशी काकी, मधे माझी आई आणि तिच्या मांडीवर मी. मी तेव्हा फार लहान, मला काही आठवत नाही. वाटेत आजीचा कान दुखायला लागला, तिनं बुगड्या काढल्या आणि सांभाळायला काकीकडे दिल्या. घरी आल्यावर काकीकडे एकच निघाली.

आजी म्हणाली, मी दोन दिल्या. काकी म्हणाली, माझ्या हातात एकच आली.

भांडण असं झालं नाही. पण त्यानंतर घरातलं कुठलंही लग्न आलं की आजी चार बायकांत म्हणायची, "मला दोन कान हायत, पण बुगडी एक." आणि काकी भाकऱ्या थापत राहायची. कधी फारच झालं तर एवढंच म्हणायची, "मी उजव्या बाजूला बसलेले. मधे जाऊबाई व्हत्या. माझ्या हातात एकच आली." भाऊ तेव्हा उठून बाहेर जायचे. आजी गेली तेव्हा ती एकटी बुगडी काकीकडे आली. काकीनं ती कधी घातली नाही.

तर त्या रविवारी सलीमभाई मागच्या डाव्या दरवाज्याचा सडलेला खालचा पत्रा कापत होते. पत्रा सुटला तसा दरवाज्याच्या पोटातला सगळा कचरा खाली ओतला. माती, सुकलेली पानं, एक कंगवा, गंजाच्या खपल्या. सलीमभाई ब्रशनं झाडत होते आणि मधेच थांबले. काहीतरी उचललं, पँटला पुसलं, आणि भाऊंच्या हातावर ठेवलं.

मोती काळे पडले होते. पण बुगडीच होती.

काच आणि रबराच्या फटीतून पडली असणार. डाव्या दरवाज्यात. आजीच्या खिडकीत.

भाऊंनी हाक मारली. काकी पदराला हात पुसत आली. भाऊंनी तळहात पुढे केला. तिनं बुगडी उचलली, नळाखाली धरली, अंगठ्यानं चोळली. आम्ही तिघं उभे. मला वाटलं, ती आता रडेल. किंवा इतक्या वर्षांचं सगळं एकदाचं बोलेल, आणि बोलली असती तर ऐकून घ्यायला आम्ही तयार होतो.

भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "आईच्या बाजूला निघाली."

काकीनं त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आईच्या कशी?" ती म्हणाली. "त्या दिवशी मला गाडी लागलेली, म्हणून आईंनी मला आपली खिडकी दिली व्हती. डाव्या बाजूला मीच बसलेले. तुमाला आठवत न्हाय का?"

सलीमभाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

भाऊंनी मान वर केली. 

"हां," ते म्हणाले. "आठवतंय. मीच गाडी थांबवलेली."