वाफेची सावली

९ मार्च. सकाळचं पहिलं काम टाकीची डिप घ्यायचं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचं, लांब पितळी गज तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि ओल कुठवर आली ते वाचायचं. झाकण उघडताना तोंड बाजूला करायचं, हे मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नेरहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा पेट्रोल पंप त्यांनी सुरू केला. ते गेल्यावर नवऱ्यानं शेती धरली आणि मी पंप.

मी गज पुसत होते तेव्हा पेट्रोल भरणारी बाई जवळ येऊन उभी राहिली. शेजारच्या गावची, कामाला चोख, दोन्ही मशीनं एकटी सांभाळायची. तिला पाचवा महिना होता, आणि वासानं रोज डोकं दुखायचं. आदल्या वर्षी एक गेलं होतं. का गेलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पदराशी चाळा केला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही, सरळ सांगितलं.

"बाई, डॉक्टरीन म्हणते, काम सोड नाहीतर वास सोड."

"मग?"

"काम सोडून कसं जमन? यंदा घरात कापूस आलाच कोठी."

बोंडअळीचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. तिच्या नवऱ्यानं कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेताच्या धुऱ्यावर रचल्या होत्या आणि तो मिळेल तिथे मजुरीला जात होता. घर चालत होतं ते हिच्या पगारावर. केबिनमध्ये बसवावं तर तिथे दुसऱ्या माणसाचं काम नव्हतं. चाकांत हवा फुकट भरून देतो तिथे बसवावं तर त्यासाठी वेगळा पगार मी कुठून काढणार? मी तिला म्हटलं, आजचा दिवस तोंडाला दुपट्टा बांधून काम कर, संध्याकाळी बघू. दुपट्ट्यानं धूळ अडते, वास अडत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्याच दिवशी यवतमाळहून मिस्त्री आला. आदल्या आठवड्यात कंपनीनं आमच्या दोन मशीनपैकी एक बदललं होतं. मोठ्या शहरांसाठी काढलेलं मशीन आमच्याकडे कसं आलं, कुणास ठाऊक. त्याचा पाइप जुन्यापेक्षा जाड, नोझल जड, आणि नळीच्या वर रबराची एक वाटी. मिस्त्री तपासणीला आला होता. त्याचे वडीलही पंपांची मशीनं दुरुस्त करायचे. हा नागपूरला जाऊन या नोझलचं शिक्षण घेऊन आला होता आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हती. त्यानं चहा मागवला, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एक जादा नोझल खोलून सगळे भाग मांडले.

मी हिशोबाला बसले होते. पाच मिनिटं बघू म्हणून उठले आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत तिथेच राहिले.

टाकी भरली की नोझल आपोआप टक करून बंद होतं, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. ते कसं होतं, हे कधी विचारलं नव्हतं. माझी समजूत, आत काहीतरी विजेचं असेल. मिस्त्रीनं नळीच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक दाखवलं. पेट्रोल वाहत असताना तेच पेट्रोल जाता जाता या भोकातून हवा ओढत असतं. टाकी भरत आली, पेट्रोल भोकापर्यंत चढलं, की हवा मिळेनाशी होते. मग आतला रबरी पडदा ओढला जातो, खटका सुटतो आणि धार थांबते. तार नाही, सेल नाही. वाहणाऱ्या पेट्रोललाच स्वतःला थांबवायला लावलेलं. मी तो पडदा बोटावर घेऊन बघितला. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा.

"ये तो पुरानेमें भी होतं भाभी," मिस्त्री म्हणाला. "आता नवीन पाहा."

त्यानं पाइपचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. पाइपच्या आत आणखी एक पाइप होता. आपण गाडीची टाकी रिकामी म्हणतो, पण ती रिकामी नसते, वाफेनं भरलेली असते. लिटरभर पेट्रोल आत गेलं की लिटरभर वाफेला बाहेर पडावंच लागतं. ती बाहेर पडते ती वाकून नोझल धरणाऱ्याच्या तोंडावर. या नोझलच्या नळीला वरच्या बाजूनं बारीक छिद्रांची रांग होती. मशीनमधला छोटा पंप त्या छिद्रांतून वाफ ओढून घेतो आणि आतल्या दुसऱ्या पाइपनं जमिनीखालच्या टाकीत नेऊन सोडतो. जितकं पेट्रोल वर आलं, तितकीच वाफ खाली. एकाच पाइपमध्ये, एकाच वेळी, एक जातंय आणि एक येतंय, आणि दोघांची गाठ पडत नाही.

पाइपचा तो तुकडा मी किती वेळ धरून बसले होते, सांगता येत नाही. देवळात जाऊन माझं असं कधी होत नाही. हे ज्यानं पहिल्यांदा कागदावर काढलं असेल, त्यानं वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाचा विचार केला होता. त्या माणसाला त्यानं पाहिलेलं नसणार.

मी मिस्त्रीला विचारलं, मग माझ्या बाईचं डोकं अजून का दुखतं? आठवडा झाला मशीन बसवून.

त्यानं काचेतून बाहेर बोट दाखवलं. "ऐसा ऊपर पकडलं तर ते फक्त हवा खाईन ना भाभी."

बाहेर बाई नव्या मशीनवर एका मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरत होती. नोझल टाकीच्या तोंडापासून वीतभर वर. धार हवेतून, सगळ्यांना दिसेल अशी. हा आमच्या पंपाचा रिवाज होता. मामंजींनी घालून दिलेला. मीटरवर शून्य दाखवायचं आणि धार दाखवायची. इतर पंपांवर नोझल आत खुपसतात, आमच्याकडे गिऱ्हाइकाला आपलं पेट्रोल डोळ्यांनी दिसतं. लोक त्यासाठी दोन पंप सोडून आमच्याकडे यायचे. आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी तेच शिकवत आले होते.

मिस्त्री गेल्यावर मी बाईला समजावलं. नोझल पूर्ण आत, रबराची वाटी टाकीच्या तोंडावर दाबून. तिनं तसं केलं. तासाभरात कुरबुर सुरू झाली. पण खरा गोंधळ केला तो एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी. आमचं जुनं गिऱ्हाईक, आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. पंपासमोरच्या चहाच्या टपरीवर ते जे बोलायचे ते संध्याकाळपर्यंत नेरच्या बाजारात असायचं. त्यांनी जाड पाइप पाहिला, आतल्या पाइपचं मिस्त्रीच्या तोंडून टपरीवर ऐकलेलं होतंच, आणि त्यांनी लगेच अर्थ लावला.

"एका नळीनं देते अन् दुसरीनं वापस ओढते. तिकीट न फाडता पैसे घेऊन राह्यले हे लोक." मग बाईकडे वळून, "धार काहून लपवून राह्यली वं पोरी? तुह्या सासऱ्याची हाय काय?"

चार लोक हसले.  पुढच्या गाडीला बाईनं नोझल पुन्हा वर उचललं. तिला वास सोसवत होता, चोर म्हणवून घेणं सोसवत नव्हतं. मी केबिनमधून हाक मारली, तिनं ऐकलं नाही.

तिला रागवायलाच मी बाहेर आले. पाच वाजून गेले असतील. उन्हं तिरपी होऊन शेडखाली शिरली होती. सिमेंटवर सावल्या पडल्या होत्या, मोटारसायकलची, धारेची, वाकलेल्या बाईची. आणि टाकीच्या तोंडाच्या सावलीतून काहीतरी उकळत वर येत होतं.

आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांपुढे येतंय. मी वर पाहिलं, हवेत काहीच नव्हतं. खाली पाहिलं, होतं. साखर विरघळताना पाण्यात रेघा हलतात, तशा दाट रेघा. त्या टाकीवरून खाली सांडत होत्या, वर उठत होत्या, वळत होत्या, आणि बाईच्या सावलीच्या तोंडावरून जात होत्या. ती हलली की त्या हलत, ती वाकली की तिचं तोंड त्यांत बुडे. इतकी वर्षं मी या शेडखाली वावरले. ही सावली रोज संध्याकाळी इथे पडत असणार.

"आत घाल," मी म्हटलं. "वाटी दाबून धर."

तिनं नोझल आत घातलं. रेघा थोडा वेळ रेंगाळल्या आणि विरल्या. पेट्रोल पडण्याचा आवाज येत होता, मीटर पळत होतं, पण सिमेंटवर नुसत्या सावल्या उरल्या, मोटारसायकलची आणि तिची, कडेपर्यंत स्वच्छ. मी तिला पुन्हा वर उचलायला लावलं. रेघा आल्या. पुन्हा आत. गेल्या.  नोझलच्या जड नळीतून एक न दिसणारी गोष्ट गुपचूप जमिनीत परत जात होती, आणि ती जाताना मला दिसत होती.

कंडक्टर टपरीवरच होते. मी त्यांना बोलावून घेतलं, त्यांचीच गाडी उभी करायला लावली आणि बाईला म्हटलं, यांना धार दाखव. मग त्यांना म्हटलं, धार नका पाहू, खाली पाहा.

ते गुडघ्यावर हात टेकून वाकले. मग उकिडवे बसले. सिमेंटवरच्या रेघांवर त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"हे सारं हिच्या नाकात जाते?"

"रोज."

बाईनं वाटी दाबली, रेघा गेल्या. ते तरी उठले नाहीत.

"अन् आता ते गेलं कुठी?"

"खाली. आमच्या टाकीत."

"मंग वाफ माह्या टाकीतली होती. म्हंजे माहीच झाली ना?"

 हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, "तुमचीच होती. पण तुम्ही ती कधी घरी नेली नाही. हिला देऊन जात होता."

त्यांनी बाईकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे त्यांचं लक्ष तेव्हा पहिल्यांदा गेलं असावं. ते उठले, धोतराला लागलेली माती झटकली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ते ठीक हाय. पण मले माप पायजे."

त्यात गैर काही नव्हतं. सावली पाहून वाफ कळते, लिटर कळत नाही. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप असतं, मागेल त्याला दाखवायचं असतं. मी ते काढलं. बाईनं नव्या नोझलनं, वाटी दाबून, पाच लिटर भरलं. नोझल बाहेर काढल्यावर कंडक्टरांनी डोळा मापाच्या रेघेला लावला. पेट्रोल बरोबर रेघेवर होतं. त्यांनी मान हलवली, गाडीत नेहमीएवढं भरून घेतलं आणि जाताना बाईला म्हणाले, "दाबून धरत जा वं माय. कोनी बोललं तर माह्याकडं पाठव."

त्यांचा प्रश्न मिटला. बाकीच्यांचा मिटला नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला उन्हात उकिडवं बसवून सावली दाखवता येत नाही, आणि उन्हं सकाळी नेमकी उलट बाजूला असतात. धार पाहिल्याशिवाय पैसे न देणारे उद्याही येणार होते. पैसे त्यांचे, तो त्यांचा हक्क. वाटीनं बाटलीचं तोंड झाकलं जात नाही, तेव्हा फवारणी यंत्रासाठी बाटली घेऊन येणाऱ्यांना जुनं मशीनच लागणार होतं. म्हणजे जुन्या नोझलवर कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. माझी मुलं मोठी झाली होती, पोटात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिप घेऊन झाल्यावर मी बाईला नव्या मशीनवर उभं केलं आणि पाच लिटरचं माप तिच्या शेजारी स्टुलावर ठेवलं. केबिनला कुलूप लावलं, पैशांची पिशवी खांद्याला अडकवली, वारा कुठून येतोय ते पाहून त्याच्याकडे पाठ केली आणि जुन्या मशीनवरचं नोझल काढून हातात घेतलं. पहिलं गिऱ्हाईक दुधवाला होता. धार दाखवा म्हणाला. मी मीटरवर शून्य दाखवलं, हात लांब केला आणि दाखवली.